खायचा सोडा, धुण्याचा सोडा

किराणा दुकानात जाऊन नुसतं 'सोडा द्या' म्हटलं, तर दुकानदार हमखास उलटा प्रश्न करतो, 'खायचा की धुण्याचा?' दोन्ही पांढरे, दोन्ही स्वस्त, दोन्ही पुडीत बांधून मिळणारे. एकानं भजी हलकी होतात, दुसऱ्यानं मळक्या चादरी निघतात. अलीकडे मात्र खायच्या सोड्यालाही लोकांनी घरकामाला जुंपलं आहे. कपात बसलेला चहाचा थर, बेसिनचे डाग, डब्याला लागलेला लोणच्याचा वास, फ्रिजमधली कुबट हवा, सगळ्यांवर एकच उपाय. दिवसाआड कुणीतरी मोबाइलवर चित्रफीत पाठवतं आणि सांगतं, की महागडी द्रावणं फेकून द्या, चमचाभर सोडा घ्या. सांगणाऱ्याचा आव असा, की हा शोध गेल्याच आठवड्यात लागला!

श्रोतेहो, हा शोध गेल्या आठवड्यातला नाही, गेल्या शतकातलाही नाही. माणूस भांडी आणि कपडे खारानं साफ करतो आहे त्याला हजारो वर्षं झाली. मी काही रसायनशास्त्राचा माणूस नव्हे. बी.ए. झालो तो भाषा घेऊन, आणि उमर गेली कवितेत. पण शब्दांच्या मागे मागे जायची खोड आहे. त्या खोडीपायी या पांढऱ्या भुकटीच्या मागे गेलो आणि बराच लांब जाऊन पोचलो.

आधी दोन सोड्यांमधलं नातं सांगतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. एकाच घरातले हे दोन भाऊ. थोरला तापट, धाकटा मवाळ. खायचा सोडा कोरड्या तव्यावर चांगला तापवला, की त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरतो तो धुण्याचा सोडा. उलट, धुण्याच्या सोड्याला पाणी आणि तोच वायू दिला, की खायचा सोडा तयार होतो. दोन्ही अल्कधर्मी, फक्त थोरल्याचा जोर कितीतरी अधिक. म्हणून धाकटा पोटात चालतो आणि थोरला हाताची कातडीसुद्धा सोलवटून काढतो.

इजिप्तमध्ये कैरोच्या वायव्येला 'वादी अल-नत्रून' नावाचं खोरं आहे. तिथली तळी उन्हाळ्यात आटत आणि काठावर खाराचे थर उरत. त्या खारात दोन्ही सोडे नैसर्गिकपणे मिसळलेले होते, थोडं मीठही होतं. प्राचीन इजिप्शियन लोक त्यानं अंग धूत, कपडे धूत आणि आपल्या राजांची प्रेतं ममी करण्याआधी याच खारात सुकवत. 'नत्रून'वरून लॅटिनमध्ये 'नॅट्रियम' आलं, आणि म्हणूनच सोडियमची खूण आजही शाळेच्या पुस्तकात 'एनए' अशी लिहिली जाते. इंग्रजी 'सोडियम'शी तिचा मेळ बसत नाही म्हणून मुलं घोळात पडतात. पण ती खूण त्या खोऱ्यातून आली आहे.

दुसरा शब्द 'अल्कली'. हा अरबी 'अल-कली'. खाऱ्या जमिनीत उगवणारी झुडपं वाळवून जाळायची आणि राख गोळा करायची, ती राख म्हणजे कली. नाब्लुस आणि हलब या शहरांत ऑलिव्हचं तेल आणि अशी राख यांचा साबण शतकानुशतकं बनत आला. पोटॅशियमची 'के' ही खूणदेखील याच 'कली'ची. म्हणजे रसायनशास्त्राच्या तक्त्यातल्या दोन खुणा मुळात धुण्या-घासण्याच्या कामातून आलेल्या आहेत. ही गोष्ट मला फार आवडते.

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे 'क्षार' होता आणि त्याचं मोठं शास्त्र होतं. सुश्रुतसंहितेत क्षार कसा पाकवावा, यावर स्वतंत्र अध्यायच आहे. ठरावीक वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचं आणि मृदू, मध्यम, तीक्ष्ण असे त्याचे प्रकार करायचे. हे झालं औषधासाठी. संस्कृतातला 'सर्जिकाक्षार' लोकांच्या तोंडी 'सज्जीखार', 'साजीखार' झाला. पंजाब-सिंधच्या कोरड्या मुलखात खारी झुडपं खड्ड्यात जाळून सज्जी काढत आणि ती बाजारात विकायला येई. उत्तरेच्या ऊसर जमिनीवर पांढरी 'रेह' फुले, ती खरवडून धोबी कपड्यांना लावत. आपल्या घरात पापड लाटताना पापडखार पडतो, तो याच कुळातला.

आणि जिथे काहीच मिळत नव्हतं तिथे चुलीतली राख होती. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. तेलकट भांड्यावर ओली राख घासली, की तेलाचा थोडासा भाग त्या खाराशी मिळून जागच्या जागी साबण होतो, बाकीचं काम राखेचे बारीक कण करतात. आपल्या आज्या-पणज्या हे रसायन रोज दोन वेळा करत होत्या. त्याला कुणी शास्त्र म्हटलं नाही, कारण ते मोरीत चालत होतं.

आता लोणारकडे येऊ. मी बुलढाणा जिल्ह्यातला, त्यामुळे लोणारचं नाव निघालं की मला जरा जास्तच बोलावंसं वाटतं. बेसाल्टच्या कातळात उल्का आदळून झालेलं हे विवर, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद. तळाशी खारं आणि अतिशय अल्कधर्मी पाणी. लवणासुराला विष्णूनं इथं मारलं अशी कथा आहे आणि गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच कथेचं. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी अचानक गुलाबी झालं, तेव्हा साऱ्या देशानं लोणारकडे पाहिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं, की हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग. त्याच वर्षी तळ्याला रामसर स्थळाचा मान मिळाला.

पण त्याआधी कित्येक शतकं लोणारची ओळख वेगळी होती. अकबराच्या काळात अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी' लिहिली. त्यात मेहकर सरकारच्या वर्णनात लोणारची नोंद आहे. या डोंगरात काच आणि साबण करायला लागणारं सगळं सापडतं आणि तिथल्या खारावरच्या करातून सरकारला चांगलं उत्पन्न मिळतं, अशा अर्थाचा मजकूर तिथे आहे. पुढे इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत तळ्यातून निघणाऱ्या खारांची नावं येतात: डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. मी कवी आहे म्हणून नव्हे, पण ही नावं ऐका. ज्यांनी उन्हाळ्यात गुडघाभर चिखलात उतरून हा खार काढला, त्यांनी हात लावून, जिभेवर ठेवून प्रत्येक प्रकार ओळखला आणि त्याला नाव दिलं. नावं कागदावर राहिली. खार काढणाऱ्या माणसांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

नाव राहिलं ते एका फ्रेंच माणसाचं, पण त्याचंही नशीब फार बरं नव्हतं. अठराव्या शतकात युरोपात कापड, काच आणि साबण यांचे धंदे वाढले आणि राखेचा सोडा पुरेना. फ्रान्स तो स्पेनमधून विकत आणत होता. म्हणून मिठापासून सोडा करून दाखवणाऱ्याला फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं बक्षीस लावलं. निकोलस लेब्लाँ हा ड्यूक ऑफ ऑर्लियन्सच्या पदरचा वैद्य. त्यानं ते करून दाखवलं. मिठावर गंधकाम्ल, मग चुनखडी आणि कोळसा घालून भट्टी. १७९१ साली पेटंट मिळालं, पॅरिसजवळ कारखाना निघाला. पण ते दिवस क्रांतीचे. १७९३ मध्ये ड्यूकचं डोकं गिलोटिनखाली गेलं, कारखाना जप्त झाला आणि कृती सार्वजनिक करून टाकण्यात आली. पुढे नेपोलियनच्या काळात कारखाना परत मिळाला, पण तो चालवायला पैसा उरला नव्हता. १८०६ साली लेब्लाँनं आत्महत्या केली.

त्याची कृती मात्र इंग्लंडमध्ये फोफावली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सोडा मिठापासून होतो. इंग्लंडनं १८२५ साली आपल्याकडचा मिठावरचा कर उठवला, म्हणून तिथले सोड्याचे कारखाने उभे राहू शकले. १८५३ साली साबणावरचा करही उठवला आणि साबण गरिबाच्या घरात गेला. हेच सरकार हिंदुस्थानात मात्र मिठावर कर घेतच राहिलं. १९३० साली दांडीला, आपल्या शिरोड्याला, मुंबईत वडाळ्याला लोकांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, आणि तो कर गेला तो थेट १९४७ मध्ये. आपण मिठाच्या सत्याग्रहाकडे आमटी-भाकरीतलं मीठ म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण ज्या मिठापासून सोडा, काच, साबण होतो, त्या मिठाची गोष्टही त्यात आहे.

इंग्लंडलाही सोडा फुकट मिळाला नाही. लेब्लाँच्या भट्ट्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे. लँकेशायरमधल्या विडनेस, सेंट हेलन्स भागात झाडं करपली, शेतं जळली. उरलेल्या काळ्या गाळाचे ढीग सडक्या अंड्यांसारखे घाण मारत. शेवटी १८६३ साली 'अल्कली कायदा' आला आणि या वायूचा ९५ टक्के भाग पाण्यात शोषून घेणं कारखानदारांवर बंधनकारक झालं. हवेच्या प्रदूषणावरच्या जगातल्या सुरुवातीच्या कायद्यांत तो मोडतो. त्याचे पहिले मुख्य निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ; 'आम्लवर्षा' हा शब्द रूढ झाला तो त्यांच्यामुळे. वायू पाण्यात विरघळवला, की जे आम्ल होतं तेच आज संडास साफ करायला बाटलीतून येतं. स्वच्छतेच्या एका वस्तूची घाण पुढे स्वच्छतेचीच दुसरी वस्तू झाली!

मग बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यानं १८६१ मध्ये मीठ, अमोनिया आणि चुनखडी यांच्या मदतीनं सोडा करण्याची नवी रीत काढली. अमोनिया पुन्हा पुन्हा वापरता येत असल्यानं ती स्वस्त पडली. गंमत अशी, की या रीतीत आधी तयार होतो तो बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा, आणि तो भाजून धुण्याचा. मघाशी तव्याची गोष्ट सांगितली, तीच इथे मोठ्या प्रमाणावर. इंग्लंडमध्ये ब्रूनर आणि मॉण्ड या दोघांनी १८७३ साली चेशायर परगण्यात हीच रीत घेऊन कारखाना काढला. त्यातून पुढे, १९२६ साली इतर कंपन्या मिळून 'इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज' झाली.

तिकडे अमेरिकेत १८४६ साली ऑस्टिन चर्च आणि जॉन ड्वाइट यांनी खायचा सोडा पुड्यांत भरून विकायला सुरुवात केली होती. पाव-केक घरी होत तोवर खप उत्तम होता. विसाव्या शतकात लोक तयार पाव आणू लागले. पुडा घरात पडून राहू लागला, तेव्हा त्याला दुसरं काम शोधणं भाग होतं. १९७२ साली त्यांच्या जाहिरातींनी लोकांना सांगितलं, की उघडा पुडा फ्रिजमध्ये ठेवा, वास जाईल. लाखो घरांत तसे पुडे ठेवले गेले. म्हणजे आज आपल्या मोबाइलवर येणाऱ्या 'आजीबाईच्या युक्त्यां'पैकी निदान एक तरी जाहिरातवाल्यांची आहे! पण सोड्याच्या अंगी गुण नाही असं मात्र नव्हे. १९८६ साली शंभरी गाठणाऱ्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची डागडुजी चालू असताना आतल्या तांब्यावरचा डांबराचा जुना थर काढायला हाच खायचा सोडा दाबाच्या हवेनं फवारला होता. तांबं पातळ, वाळू मारली असती तर ते खरवडलं असतं. सोड्याचे कण मऊ, म्हणून त्यांची निवड झाली. आपण स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यावर सोडा घासतो, तेव्हा त्याचा हाच गुण कामाला येतो.

आता पुन्हा आपल्या देशात. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाला ओखामंडळ आहे. तो मुलूख बडोदा संस्थानचा, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांचा. १९२० च्या दशकात कपिलराम वकील यांनी तिथे मिठागरं उभी केली आणि त्या पायावर १९३९ साली मिठापूर इथे टाटा केमिकल्स सुरू झाली. गावाचं नावच मिठावरून. सॉल्व्हेची रीत पुस्तकात वाचायला मिळत होती, पण कारखाना प्रत्यक्ष कसा चालवायचा ही विद्या जगातल्या मोजक्या कंपन्यांच्या मुठीत होती आणि मूठ उघडायला कुणी तयार नव्हतं. आपल्या लोकांनी ती चुकत-माकत स्वतः साध्य केली. पहिली वर्षं फार ओढगस्तीची गेली. पुढे १९८३ मध्ये याच कारखान्यातून पाकिटबंद आयोडीनयुक्त मीठ बाजारात आलं. २००५ च्या अखेरीस टाटा केमिकल्सनं ब्रूनर मॉण्ड ही कंपनीच विकत घेण्याचा व्यवहार जाहीर केला. १८७३ साली विनिंग्टनला सुरू झालेल्या त्या मूळ ठिकाणचं सोडा ॲशचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, ते भारतीय मालकीखाली. इतिहास कधी कधी असा उलटा हिशेब मांडतो.

तरी सामान्य घरात सोडा खऱ्या अर्थानं घुसला तो पिवळ्या पावडरीतून. १९६९ साली अहमदाबादला करसनभाई पटेल या सरकारी खात्यात काम करणाऱ्या रसायनतज्ज्ञांनी घरी पावडर तयार करून सायकलवरून विकायला सुरुवात केली. तिच्यात सोडा ॲशचा वाटा मोठा. साडेतीन रुपये किलो हा भाव. मोठ्या कंपन्यांची पावडर त्याच्या कितीतरी पट महाग. ज्या घरांना साबणाची वडीही मोजून वापरावी लागे, त्या घरांत ही पावडर पोचली. आमच्याही पोचली. आमच्या भागातलं विहिरीचं पाणी जड. साबण लावला तर फेस येण्याऐवजी चिकट साय धरायचा. सोडा त्या पाण्यातलं कॅल्शियम आधी खाली बसवतो, म्हणून मग कपडा निघतो. अम्मी हंड्यात पाणी उकळून, सोडा टाकून चादरी त्यात बुडवायची आणि काठीनं ढवळायची. चादरी पांढऱ्याशुभ्र निघायच्या. अम्मीच्या बोटांच्या पेरांना मात्र थंडीत चिरा पडायच्या. रात्री ती त्यात कोमट तेल सोडायची आणि डोळे मिटून बसायची. तेल-चरबीशी खार जे करतो, तेच तो कातडीतल्या तेलाशीही करतो, हे मला फार उशिरा वाचून कळलं. तिला ते रोज कळत होतं.

हे सांगायचं कारण असं, की स्वच्छतेचा इतिहास आपण वस्तूंचा म्हणून सांगतो. तो हातांचाही आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावला, परीट घरात झाला. दुसऱ्यांचे मळके कपडे खारात घालून स्वच्छ करून देणाऱ्या लोकांना समाजानं कुठे बसवलं होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच त्यांनी खराटा हातात घेतला तो आधी स्वतः झाडण्यासाठी. उपदेश त्यानंतर.

आता थोडं व्यवहाराचं, कारण भाषण ऐकून कुणी सोडा आणायला निघालं असेल. खायचा सोडा डाग हलके घासून काढतो, आंबट वास मारतो, कपातला चहाचा थर सोडवतो. पातेल्यात ॲल्युमिनियमची पन्नी घालून गरम पाणी आणि सोडा ओतला आणि त्यात काळवंडलेली चांदी बुडवली, की चांदीवरची काळी चढण पन्नीकडे जाते आणि चांदी उजळते. मात्र ॲल्युमिनियमच्या भांड्यांना सोडा घासू नये, ती काळी पडतात. सोड्यानं जंतू मरतात असा भरवसा धरू नये. आजारपण असलेल्या घरात त्यावर विसंबणं धोक्याचं. आणि ते सोडा-व्हिनेगरचं मिश्रण! फसफसतं छान, पण एक खार आणि एक आम्ल एकमेकांना मारून टाकतात आणि शेवटी उरतं ते जवळजवळ निरुपद्रवी खारट पाणी. फेस थोडी घाण हलवतो, एवढंच. दोन्हीचा गुण हवा असेल, तर आधी एक वापरावं, धुवावं, मग दुसरं. धुण्याचा सोडा असेल तर हातात रबरी मोजे घालावेत. घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही ते आणून द्यावेत. त्यांच्या हाताची कातडी आपल्यापेक्षा वेगळी नसते.

नत्रूनच्या खोऱ्यापासून लोणारच्या चिखलापर्यंत आणि मिठापूरच्या मिठागरांपर्यंत या भुकटीसाठी माणसं उन्हात राबली, एकानं जीव दिला, गावांची झाडं करपली, एका देशानं दुसऱ्याला मिठासाठी अडवलं. एवढं सगळं होऊन ती आज काही रुपयांत आपल्या ओट्यावर येते. तिचा डबा घरातल्या एकाच माणसानं उघडावा, असं कुठल्याही रसायनशास्त्रात लिहिलेलं नाही. रविवार आहे, आजचे कप पुरुषांनी घासायला हरकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)